नाशिकच्या मैदानावरून दुसऱ्या देशाच्या संघात: निघण्याआधी काय करून ठेवायचं

६ जून २०२४ला डॅलसजवळच्या ग्रँड प्रेअरीच्या मैदानावर, मुंबईकडून रणजी खेळून अमेरिकेच्या संघात गेलेल्या सौरभ नेत्रवळकरने पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर, म्हणजे बरोबरी झाल्यावर निकालासाठीचं एक षटक, टाकली. १८ धावा राखायच्या होत्या, त्याने १३ दिल्या. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला त्याने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर घालवलं आणि मग रोहित शर्मालाही. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे कोचिंगसाठी गोल्फ क्लबवर होतो. (बाहेरच्यांसाठी सांगतो, कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण नाशिककर गोल्फ क्लबच म्हणतात.) सरावाच्या नेटच्या बाहेर तीन वेगवेगळ्या पालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "सर, आपल्या पोरालाही असं जाता येईल का हो?"

येईल. पण त्याचा रस्ता नेटमधून जितका जातो तितकाच कागदांमधून आणि कॅलेंडरमधून जातो. हे मी ऐकीव सांगत नाही. बी.कॉम. झाल्यावर मी मस्कतला एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून गेलो होतो. कंपनीच्या संघातून लीग खेळायचो. शुक्रवारी पहाटे सामना, सिमेंटची खेळपट्टी, गवताचा पत्ता नाही. दहा षटकांत चेंडूचं कातडं सोलून निघायचं आणि डाइव्ह मारायची तर कोपराचं सालटं जायचं. डावखुरी फिरकी टाकायचो, बळी बरे मिळायचे. अडीच वर्षांनी वडिलांच्या आजारपणामुळे परत आलो. त्याआधी मध्येच दोनदा दोन-दोन महिने सुट्टीवर घरी येऊन गेलो होतो. ओमानच्या निवडकर्त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. त्या देशाकडून खेळायला सलग काही वर्षांचं वास्तव्य लागतं आणि त्याचे दिवस मोजले जातात, हेच तेव्हा मला माहीत नव्हतं. चांगला-वाईट हा प्रश्न यायच्या आधीच मी बाद होतो. नाशिकच्या दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पायरी पहिली: नेमकं काय हवंय ते घरात बसून ठरवा

परदेशात क्रिकेट खेळणं आणि परदेशाकडून क्रिकेट खेळणं या दोन गोष्टींची आपल्याकडे सर्रास गल्लत होते. इंग्लंडमधल्या एखाद्या क्लबकडून एक उन्हाळा खेळून सप्टेंबरात घरी येणं ही पहिली गोष्ट. तिच्यात अनुभव मिळतो, ओळखी होतात, आणि परत येऊन महाराष्ट्राच्या निवड चाचणीला उभं राहता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे बिऱ्हाड हलवणं. तिथे राहायचं, तिथेच पोट भरायचं आणि त्या देशाची टोपी घालायची. त्यासाठी आयुष्याची सात-आठ वर्षं द्यावी लागतात.

घरात हे बोलताना आणखी एक विषय निघतोच, म्हणून इथेच सांगतो. दुसऱ्या देशाकडून खेळणं म्हणजे देशाशी बेइमानी, असं काही आजोबांना वाटतं. एजाझ पटेल मुंबईत जन्मला, आठ वर्षांचा असताना आई-वडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला आणि ४ डिसेंबर २०२१ रोजी वानखेडेवर भारताचे एका डावातले दहाच्या दहा बळी त्याने घेतले, ११९ धावांत. त्या दिवशी वानखेडेच्या प्रेक्षकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. आजोबांना तेवढं सांगा.

पायरी दुसरी: पात्रतेचे तीन दरवाजे ओळखा

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या म्हणजे आयसीसीच्या नियमानुसार एखाद्या देशाकडून खेळायला तीन मार्ग आहेत. तुमचा जन्म त्या देशात झालेला असावा, किंवा तुम्ही त्या देशाचे नागरिक असावं, किंवा लगतची सलग तीन वर्षं तुमचं मुख्य, कायमचं घर त्या देशात असावं. यातला एक मार्ग पुरतो.

जन्माचा दरवाजा आपल्यापैकी फार थोड्यांना उघडा असतो, पण विचारून बघायला हवं. नोस्तुश केंजिगे अमेरिकेतल्या अलाबामात जन्मला, लहानाचा मोठा झाला कर्नाटकात, आणि पुढे अमेरिकेकडून खेळला. आयटीतल्या नोकरीमुळे आई-वडील दोन-तीन वर्षं परदेशात होते आणि पोर तिथेच झालं, अशी घरं कॉलेज रोडला आणि इंदिरानगरला मला माहीत आहेत. त्यांच्या कपाटातला तो जन्मदाखला क्रिकेटच्या हिशेबात मोलाचा आहे. नागरिकत्वाचा दरवाजा कधी आई-वडिलांमुळे उघडतो. डेव्हिड वीसा दक्षिण आफ्रिकेकडून खेळला होता, पण वडिलांचा जन्म नामिबियातला, त्यामुळे २०२१च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात तो नामिबियाच्या संघात दिसला.

बाकी सगळ्यांसाठी उरतो तो तिसरा दरवाजा, वास्तव्याचा. डेव्हन कॉनवेचं उदाहरण मी प्रत्येक पालकाला देतो. जोहान्सबर्गमध्ये जन्मलेला, देशांतर्गत क्रिकेटमध्ये धावा करणारा, पण वर संधी न मिळालेला फलंदाज. २०१७ साली त्याने घर आणि गाडी विकली आणि वेलिंग्टन गाठलं. ऑगस्ट २०२०मध्ये त्याची तीन वर्षं भरली. जून २०२१मध्ये लॉर्ड्सवर कसोटी पदार्पणात त्याने २०० धावा केल्या. त्या तीन वर्षांत तो स्थानिक सामन्यांत धावांचा रतीब घालत होता आणि मुदत भरायची वाट बघत होता.

आणखी एक नियम आहे. एका देशाच्या राष्ट्रीय संघातून खेळलेल्या खेळाडूला दुसऱ्या देशाकडे जाताना बहुधा तीन वर्षं थांबावं लागतं. मात्र सहयोगी देशाकडून (म्हणजे कसोटीचा दर्जा नसलेल्या आयसीसीच्या सदस्याकडून) कसोटी खेळणाऱ्या देशाकडे जाताना ही थांबण्याची अट नसते. टिम डेव्हिड आधी सिंगापूरकडून खेळला आणि २०२२मध्ये ऑस्ट्रेलियाकडून. नाशिकच्या मुलांना या नियमाची चिंता सहसा नसते, कारण रणजी किंवा राज्याचे वयोगटाचे सामने म्हणजे देशाकडून खेळणं नव्हे. हरमीत सिंग मुंबईकडून रणजी खेळला, मिलिंद कुमारने सिक्कीमकडून २०१८-१९च्या रणजी मोसमात सर्वाधिक १३३१ धावा केल्या, आणि २०२४च्या विश्वचषकात दोघेही अमेरिकेच्या संघात होते.

पायरी तिसरी: कुठला दरवाजा बंद होतोय ते आधी समजून घ्या

या पायरीवर घाई करू नका, बाकी कुठेही केली तरी चालेल.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. पुढे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड मिळतं, त्यावर नाशिकला हवं तेव्हा येता येतं, राहता येतं. पण केंद्र सरकारच्या २००८च्या धोरणानुसार ओसीआय कार्डावर भारताचं आंतरराष्ट्रीय प्रतिनिधित्व करता येत नाही, त्यासाठी भारतीय पासपोर्टच लागतो. म्हणजे परदेशी पासपोर्ट हातात आला की भारताकडून खेळण्याचा विषय संपला.

वास्तव्याच्या मार्गाने जाणाऱ्याला मात्र आयसीसीच्या सामन्यांसाठी भारतीय पासपोर्ट सोडावा लागत नाही. आखाती देशांच्या संघांतली कितीतरी मुलं भारताच्या किंवा पाकिस्तानच्याच पासपोर्टवर खेळली आहेत. मग पासपोर्ट बदलायचाच कशाला, असं वाटेल. इथे ऑलिम्पिक आडवं येतं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आहे, पुरुषांचे सहा आणि महिलांचे सहा संघ. ऑलिम्पिकच्या सनदेत वास्तव्याची सवलत नाही, खेळाडू त्या देशाचा नागरिकच असावा लागतो. एकच खेळाडू विश्वचषकाला पात्र आणि ऑलिम्पिकला अपात्र, असं होऊ शकतं. आज चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असेल तर २०३२चा विचार करून हा मुद्दा आत्ताच कागदावर घ्या.

दोन दगडांवर पाय ठेवायची किंमतही समजून घ्या. उस्मान खान हा पाकिस्तानी फलंदाज यूएईत वास्तव्याची मुदत भरत होता आणि तिथल्या लीगमध्ये स्थानिक खेळाडू म्हणून खेळत होता. २०२४मध्ये पाकिस्तानकडून बोलावणं येताच तो परत गेला, आणि अमिरातीच्या बोर्डाने त्याच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. तिथल्या बोर्डाने तुमच्यावर वेळ आणि पैसा लावलेला असतो. करारावर सही करताना 'स्थानिक खेळाडू' या शब्दाखाली काय काय लिहिलंय ते ओळ अन् ओळ वाचा.

पायरी चौथी: कागद नाशिकमध्येच जमवा

एका मुलाची फाइल मी गेल्या वर्षी उघडून बघितली. पारदर्शक प्लॅस्टिकची, चेन तुटलेली. जन्मदाखल्यावर नाव 'ज्ञानेश्वर', शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'ज्ञानेश', पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे घालून तिसरंच स्पेलिंग, आणि जिल्ह्याच्या सामन्यांच्या स्कोअरशीटवर नुसतं 'माउली', कारण मैदानावर सगळे त्याला त्याच नावाने हाक मारायचे. चार कागद आणि चार माणसं. त्याने १७ वर्षांखालच्या सामन्यांत घेतलेले बळी त्याचेच आहेत, हे परदेशातल्या अधिकाऱ्याने कशावरून मानायचं?

म्हणून आधी नाव एक करा. महापालिका हद्दीत जन्म असेल तर शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात जन्म-मृत्यू विभाग आहे, गावाकडचा असेल तर ग्रामपंचायत. नावात मोठा फरक असेल तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून ते काम पहिलं. मग त्याच नावाने पासपोर्ट. पासपोर्ट सेवा केंद्र नाशिकलाच आहे, मुंबईला जायची गरज नाही. पोलीस पडताळणीच्या दिवशी घरी कुणीतरी थांबा. नोकरी किंवा शिक्षणासाठी जन्मदाखला आणि पदवी परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. कुठल्या देशाला कुठला शिक्का चालतो ते त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा आणि मगच एजंटाला पैसे द्या.

खेळाचे कागद वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. निमंत्रितांच्या स्पर्धेतल्या स्कोअरशीटच्या प्रती, जिल्हा संघटनेचं पत्र, राज्याच्या शिबिराला बोलावणं आलं असेल तर तो ईमेल, आणि वर्तमानपत्रातली कात्रणं तारखेसकट. स्कोअरशीट सामना संपल्या दिवशीच मोबाइलवर टिपून घ्या. नंतर मागायला गेलं की वही सापडत नाही, हा माझा अनुभव आहे. व्हिडिओही हवेत. गोलंदाजाचे बाजूने आणि पंचाच्या मागून, फलंदाजाचे निदान वीस-पंचवीस सलग चेंडू, न कापलेले. चौकार-षटकार जोडून, वर गाणं लावून केलेली रील बघून कुणी संघात घेत नाही.

वय खरं लिहा. आपल्याकडे वयोगटाच्या मुलांची हाडांची चाचणी होते, तिच्यातून निसटलेला घोटाळा पुढे व्हिसाच्या अर्जात उघडा पडतो आणि तिथे तो फसवणुकीचा गुन्हा ठरतो.

पायरी पाचवी: बोर्डाचं पत्र

तुम्ही कधीच नोंदणीकृत क्रिकेट खेळला नसाल, नुसतं क्लबमध्ये खेळला असाल, तर ही पायरी सोपी आहे. राज्याकडून खेळला असाल तर परदेशात खेळायला ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्याचा क्रम असा: जिल्हा संघटना, मग पुण्याची महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशन, मग बीसीसीआय. नाशिक जिल्हा महाराष्ट्र असोसिएशनमध्ये येतो, मुंबईच्या नव्हे. दोन्हींचं लघुरूप इंग्रजीत एकच असल्याने अर्ज भलतीकडे गेलेले मी पाहिलेत.

पुरुष खेळाडूंसाठी बीसीसीआयचं धोरण कडक आहे. भारतात सक्रिय असताना परदेशी टी-ट्वेंटी लीग खेळता येत नाही, सगळ्या प्रकारांतून निवृत्ती घ्यावी लागते. इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटला परवानगी मिळते, टी-ट्वेंटी लीगला नाही. उन्मुक्त चंदने २०१२च्या १९ वर्षांखालच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कर्णधार म्हणून नाबाद १११ धावा केल्या होत्या. ऑगस्ट २०२१मध्ये त्याने भारतीय क्रिकेटमधून निवृत्ती घेतली, अमेरिका गाठली आणि नंतर ऑस्ट्रेलियाची बिग बॅश लीग खेळणारा तो पहिला भारतीय पुरुष खेळाडू ठरला. पण २०२४च्या विश्वचषकासाठी अमेरिकेच्या संघात त्याची निवड झाली नाही. पात्र ठरलं की निवड होतेच, असं नाही. निवृत्तीच्या पत्रावर सही करायच्या आधी हे उदाहरण समोर ठेवा.

मुलींची गोष्ट जरा वेगळी आहे आणि जास्त आशादायक आहे. भारतीय महिला खेळाडूंना परदेशी लीग खेळायला बोर्ड परवानगी देतं, त्यामुळे देश न सोडताही परदेशातलं क्रिकेट खेळता येतं. सिन्नरची माया सोनवणे आपल्याच मातीतून पुढे गेली, तिची ती खाली वाकून लेगस्पिन टाकायची पद्धत सगळ्या देशाने पाहिली. नाशिकच्या मुलीने परदेशी जायचा विचार करण्याआधी इथला रस्ता पूर्ण चालून बघावा, असं माझं मत आहे.

पायरी सहावी: व्हिसा. इथे सगळ्यात जास्त पोरं अडकतात

आमच्या नेटमधल्या एका मुलाच्या वडिलांनी निफाडकडचा द्राक्षाचा एक हंगाम एका एजंटाच्या हातात ठेवला. एजंटाने इंग्लंडमधल्या क्लबशी 'करार' करून दिला, त्यात आठवड्याला मानधन लिहिलेलं, आणि व्हिसा काढला पर्यटकाचा. विमानतळावर अधिकाऱ्याने किट बॅग उघडली, बॅट बघितली, करारपत्र बघितलं, आणि मुलाला दुसऱ्या विमानाने परत पाठवलं. पैसे गेले ते गेलेच, वर पासपोर्टच्या नोंदीत प्रवेश नाकारल्याचा डाग राहिला. पुढच्या प्रत्येक अर्जात 'तुम्हाला कधी प्रवेश नाकारला होता का' या रकान्यात त्याला 'हो' लिहावं लागतं.

तेव्हा हे पक्कं लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये पर्यटकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून खेळता येत नाही. विद्यार्थ्याला व्यावसायिक प्रशिक्षक म्हणूनही काम करता येत नाही. 'व्यावसायिक' या शब्दाची त्यांची व्याख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच रुंद आहे. राहण्या-जेवणाची सोय हाही मोबदला धरला जाऊ शकतो. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असताना कॉलेजबाहेर परवानगीशिवाय पैसे घेऊन खेळलात तर व्हिसाच धोक्यात येतो. रविवारच्या लीगमध्ये हौसेने खेळणं निराळं आणि सामन्यामागे डॉलर घेणं निराळं. कुणी रोख पाकीट पुढे केलं तर हात मागे घ्या.

माझा सल्ला असा की क्रिकेटच्या नावाने व्हिसा मागायच्या भानगडीत पहिल्या फेरीत पडूच नका. शिक्षणाच्या किंवा नोकरीच्या जोरावर जा. नेत्रवळकर तसाच गेला. भारताच्या १९ वर्षांखालच्या संघाकडून २०१०चा विश्वचषक खेळलेला, मुंबईकडून रणजी खेळलेला गोलंदाज. पण अंधेरीच्या सरदार पटेल कॉलेजातून संगणक अभियांत्रिकी करून तो २०१५मध्ये कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेला, मग ओरॅकलमध्ये नोकरीला लागला, आणि सुट्टीच्या दिवशी खेळत राहिला. अमेरिकेसाठी पहिला आंतरराष्ट्रीय सामना तो २०१९ साली खेळला. म्हणजे पोटापाण्याची सोय आधी झाली आणि तिच्या आधाराने क्रिकेट टिकलं. आपल्याकडच्या मुलांनी बारावीनंतर अभ्यास सोडून नुसती नेट धरली, तर परदेशाचा हा सगळ्यात भरवशाचा रस्ता त्यांना बंद होतो. पालकांनो, ही गोष्ट कोचच्या तोंडून ऐका: पदवी पूर्ण होऊ द्या.

पायरी सातवी: दिवसांची वही

एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक पानावर एक महिना. देशात होतो तो दिवस एका रंगाने, बाहेर होतो तो दुसऱ्या. विमानाची तिकिटं, बोर्डिंग पास आणि घरभाड्याच्या पावत्या त्याच महिन्याच्या पानाला टाचून ठेवा. विजेचं बिल, बँकेचा खातेउतारा, पगाराची स्लिप, सगळं.

एवढा आटापिटा का? कारण 'मुख्य आणि कायमचं घर' हे तोंडी सांगून सिद्ध होत नाही. इंग्लंडचं बोर्ड तर वर्षाला निदान २१० दिवस देशात असल्याचा हिशेब मागतं. हीच मुदत तिथे पूर्वी सात वर्षांची होती. २०१८च्या अखेरीस ती तीन वर्षांवर आणायचं ठरलं, म्हणून बार्बाडोसचा जोफ्रा आर्चर २०१९च्या मार्चमध्ये पात्र झाला आणि १४ जुलैला लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची सुपर ओव्हर टाकायला उभा राहिला. नियम असे बदलतात, कधी तुमच्या बाजूने, कधी विरुद्ध. म्हणून ज्या देशाकडून खेळायचं त्या बोर्डाला पोहोचल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ईमेल करा: माझा व्हिसा हा, आल्याची तारीख ही, माझे दिवस कुठल्या तारखेपासून धरणार? विद्यार्थी म्हणून घालवलेला काळ धरणार का? उत्तर लेखी घ्या आणि वहीत चिकटवा.

घरची लग्नं, गणपती, दिवाळी, प्रत्येक वेळी यायचा मोह होतो. मी दोन वेळा आलो तेव्हा चुलतभावाचं लग्न होतं आणि नंतर आईचा गुडघा. त्याचा पश्चात्ताप मला नाही. पण दिवस मोजून, परतीची तारीख ठरवून आलो असतो तर वेगळं झालं असतं. घरच्यांनीही हे समजून घ्या. मुलगा फोनवर 'यंदा जमणार नाही' म्हणतो तेव्हा तो तुम्हाला विसरलेला नसतो, त्याच्या वहीत दिवस कमी पडत असतात.

पायरी आठवी: कुठे जायचं

आखात जवळचं आणि खर्चाला झेपणारं. ओमानमध्ये दिवसा कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी सराव, अशीच त्या देशाची क्रिकेट परंपरा उभी राहिली. लुधियानात जन्मलेला जतिंदर सिंग त्याच मातीत ओमानचा कर्णधार झाला. यूएईमध्ये वसईच्या स्वप्नील पाटीलने यष्टीरक्षक म्हणून २०१५चा विश्वचषक खेळून दाखवला. तोही नोकरीसाठीच गेला होता. २०२३पासून तिथे मोठी लीग आहे आणि तिच्या संघांना स्थानिक खेळाडू घ्यावे लागतात, त्यामुळे दार जरा मोठं झालंय आणि गर्दीही वाढलीय. आखातात नागरिकत्व जवळजवळ मिळत नाही. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की क्रिकेट जातं. हे गणित पत्करूनच जा.

अमेरिकेत पैसा येतोय. २०२३च्या जुलैत मेजर लीग ही टी-ट्वेंटी स्पर्धा सुरू झाली, खाली मायनर लीग आहे. आणंदचा मोनांक पटेल २०२४ला तिथला कर्णधार होता. पुण्याकडचे कसोटीवीर वसंत रांजणे यांचा नातू शुभम रांजणेही आता तिकडेच खेळतोय. पण मंडळाचा कारभार डळमळीत आहे, सप्टेंबर २०२५मध्ये आयसीसीने अमेरिकेच्या बोर्डाचं सदस्यत्व निलंबित केलं. संघाला खेळायची मुभा राहिली, तरी नोकरीचा आधार नसलेल्या मुलाने तिथे नुसत्या क्रिकेटवर विसंबू नये.

इंग्लंडचा राष्ट्रीय संघ नाशिकच्या मुलासाठी सगळ्यात लांबचा पल्ला आहे, कारण तिथलं बोर्ड वास्तव्याबरोबर ब्रिटिश नागरिकत्वही मागतं. तिथे शिकायला जा, क्लबमध्ये खेळा, पण राष्ट्रीय संघाचा हिशेब करू नका. न्यूझीलंड, नेदरलँड्स, कॅनडा या देशांत नोकरीचं कौशल्य असेल तर वाट आहे. विजयवाड्यात जन्मून न्यूझीलंडमध्ये वाढलेला तेजा निदामनुरू नोकरीसाठी नेदरलँड्सला गेला आणि २०२३च्या विश्वचषक पात्रता फेरीत त्याच्या शतकाने वेस्ट इंडिजचा सामना सुपर ओव्हरपर्यंत नेला. तो सामना नेदरलँड्सने जिंकला.

पायरी नववी: पहिला मोसम

पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात क्लब शोधा. मोठ्या नावाच्या क्लबच्या दुसऱ्या संघात बारावा खेळाडू होण्यापेक्षा मधल्या क्लबात पहिल्या चारात फलंदाजी किंवा पूर्ण षटकं मिळणं चांगलं. आकडे तिथेच तयार होतात, आणि निवडकर्ते त्या देशातले आकडे बघतात, इथले नाही.

खेळपट्टीशी जुळवून घ्यायला वेळ द्या. गोल्फ क्लबवर डिसेंबरच्या सकाळी दवामुळे चेंडू जरा हलतो, त्यालाच आपण स्विंग म्हणतो. इंग्लंडच्या एप्रिलमध्ये ड्यूक चेंडू दुपारपर्यंत हलतो आणि थंडीने बोटं इतकी बधिर होतात की फिरकी गोलंदाजाला शिवण जाणवत नाही. खिशात हात गरम ठेवायची पुडी ठेवतात, ती घ्या, लाजू नका. अमेरिकेत बहुतेक क्लब क्रिकेट मॅटिंगवर आणि कृत्रिम पट्टीवर असतं. तिथे चेंडू उसळतो, आपल्याकडच्या मॅटिंगवर खेळलेल्या मुलाला ते उलट ओळखीचं वाटतं. खऱ्या टर्फवर, म्हणजे मातीच्या-गवताच्या खेळपट्टीवर, खेळायला मात्र लांब गाडी चालवत जावं लागतं, तर जा.

मैदानाची कामं करा. रोलर ओढणं, कव्हर घालणं, चहाची भांडी धुणं, लहान मुलांना रविवारी शिकवणं. परदेशातले क्लब अशा श्रमदानावर चालतात. आपल्याकडून गेलेली काही मुलं सामना संपला की किट बॅग उचलून निघतात, मग तीन महिन्यांनी 'मला बोलावत नाहीत' म्हणून फोन करतात.

वयाचं गणित आधी मांडून ठेवा. कॉनवे गेला तेव्हा सव्वीसचा होता, पात्र झाला तेव्हा एकोणतीसचा. इम्रान ताहीर लाहोरहून दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाला आणि त्या देशाकडून पहिला सामना खेळला तेव्हा तिशी ओलांडून गेला होता. फिरकी गोलंदाजाला आणि फलंदाजाला हा उशीर परवडतो, वेगवान गोलंदाजाला फारसा नाही. पंचविशीच्या आत निघालात तर पहिली तीन वर्षं पात्रतेला आणि पुढची तीन-चार खेळायला मिळतात. तिशीनंतर निघत असाल तर नोकरीसाठी निघा आणि क्रिकेट सोबत घ्या.

यंदा कुणाला निघायचं असेल तर जिल्हा संघटनेच्या पत्राचा अर्ज जून-जुलैत, पावसाने मैदान बंद असतं तेव्हाच द्या. ऑक्टोबरात निवड चाचण्या सुरू झाल्या की तिथल्या माणसांना मान वर करायला वेळ नसतो. अर्जासोबत पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत लावा आणि नाव त्यावर आहे तसंच लिहा, 'माउली' नको.